बांधलेल्या घंटा

त्याला सगळे फिरस्ता म्हणायचे, आणि हा पठ्ठ्या तर बस लागते म्हणून सासुरवाडीला जायचंही टाळायचा. नाव साप्ताहिकाने दिलेलं. 'आवर्जून जावेत असे जगभरचे उत्सव' हे त्याचं सदर आठ वर्षं चाललं होतं, आणि ही आठही वर्षं तो कचेरीच्या मागच्या खोलीत, जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांना पाठ टेकून, पंख्याखाली बसून लिहीत होता. कुठून कुठून आलेली माहितीपत्रकं, कोण्या प्रवाशाची चार ओळींची टिपणं, एवढंच त्याचं भांडवल. बाकीचं तो पदरचं घालायचा. आता मीठमसाला कोण लावत नाही? पण हा खुशाल 'मी तिथे उभा होतो' असं लिहायचा. एकदा लिहिलं की त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागायचं.

बायकोला सगळं ठाऊक होतं. घरबसल्या जग हिंडतात आमचे हे, असं म्हणून ती हसायची.

ठाऊक नव्हतं ते अक्काला, त्याच्या थोरल्या बहिणीला. ती दुसऱ्या गावी एकटी राहायची. तीस वर्षं टेलिफोन केंद्रात बसून तिने लोकांचे फोन जोडले, आणि त्याच पगारावर याचं शिक्षण केलं. ज्या कानांवर दोघांचं पोट भरलं तेच कान आता तिला सोडून चालले होते. डावा केव्हाच कामातून गेला होता. उजव्यात छोटं यंत्र घातलं की जवळचं बोलणं कळायचं. भावाचा प्रत्येक अंक मात्र ती पहिल्या पानापासून वाचायची आणि कपाटात नीट रचून ठेवायची.

एकदा त्याच्या हाती असंच एक टिपण लागलं. त्यात एवढंच होतं, की अमुक गावात वर्षातून एक दिवस सगळ्या घंटा बांधतात आणि लोक चौकात जमतात. झालं! लेखणी सुटली. दारोदारी टांगलेल्या घंटा, मनोऱ्यावरची हत्तीएवढी घंटा, कानठळ्या बसवणारा घणघणाट, काही विचारू नका. 'मी तिथे उभा होतो. ठार बहिऱ्यालाही ऐकू यावा असा तो नाद थेट छातीत उतरतो,' असं शेवटचं वाक्य लिहून स्वारीने स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

ते वाक्य अक्काने वाचलं. कान पुरते जायच्या आत एकदा काहीतरी पोटभर ऐकावं, असं तिच्या मनाने घेतलं. फोन करून तिने विचारलं, खरंच एवढा मोठा आवाज असतो का रे? निदान इथे तरी जीभ आवरायची! पण नाही. परत आल्यावर दोन दिवस माझे कान वाजत होते, असं त्याने तिला ठोकून दिलं. जन्मात कुठे न गेलेली अक्का बॅग भरून एकटी निघाली.

परतताना ती थेट भावाकडेच उतरली. यंत्र कानात नव्हतं, डबीत होतं. तिने एक वही आणि पेन्सिल टेबलावर ठेवली आणि सांगितलं, मला काही सांगायचं असेल तर ह्यात लिहा.

"तू लिहिलंस तस्संच होतं सगळं," ती मोठ्याने म्हणाली. चौक माणसांनी फुलला होता. लोक दोर ओढत होते, मनोऱ्यावरची घंटा हलताना दिसत होती, कुणी डोळे मिटून उभं, कुणी डोळे पुसतंय. तिच्या कानात मात्र काही म्हणजे काही आलं नाही. तिने तिथेच यंत्र काढून डबीत टाकलं. "कानच मेला रे माझा. मग नुसती शोभा बघत बसले. प्रत्येक घंटेला आतल्या लोलकापासून कापड गुंडाळलेलं, इतकं सुरेख!"

फिरस्त्याचा कप हातातच राहिला. घंटा बांधतात. टांगत नव्हते ते लोक, बांधत होते. आतला लोलक बांधायचा, आवाज बांधायचा. त्या दिवशी ते अख्खं गाव गप्प बसत होतं, आणि त्याने त्याच दिवसाचा घणघणाट लिहिला होता.

बायकोच्याही ते ध्यानात आलं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर आठ वर्षांचं खोटं उघडं पडणार. न सांगावं तर बहीण जिवंत कान डबीत घालून बसणार. झाकली मूठ तशीच ठेवून काम भागवावं म्हणून त्याने वहीत लिहिलं, की यंत्रच बिघडलं असेल, परत घालून तर बघ. तिने मान हलवली. ठार बहिऱ्यालाही ऐकू येतं असं तूच लिहिलंस, मग यंत्राला कशाला बोल लावू? आणखी आशा लावू नका म्हणाली. दोन दिवस तो तिच्यासमोर जेवला, उठला, बसला आणि गप्प राहिला. लाज वाटत होती, पण तोंड उघडण्याची लाज त्याहून मोठी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग भरायला लागली.

"घरी गेले की फोन काढून टाकते," ती म्हणाली. "वाजला तरी कळणार कुणाला? आणि तू वाईट वाटून घेऊ नकोस. एवढं मनापासून सांगितलंस, मीच करंटी."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उलट तिनेच त्याची समजूत घालावी! त्याने वही ओढली. तासाभरात चार पानं भरणारा माणूस, पण एक ओळ उतरेना. लिहिलं, खोडलं, पेन्सिलीचं टोक मोडलं, चाकूने पुन्हा केलं. शेवटी उतरलं ते असं: 'मी तिथे गेलो नव्हतो. कुठेच गेलेलो नाही. त्या दिवशी तिथे घंटांचा आवाज बंद ठेवतात. तुझा कान मेलेला नाही.'

अक्काने ते दोनदा वाचलं. मग बॅगेतून डबी काढली, यंत्र उजव्या कानात बसवलं, आणि खुर्ची त्याच्या बाजूला वळवून घेतली.

"लिहिलेलं तुझं खूप वाचलं," ती म्हणाली. "आता तोंडाने सांग."

पलीकडचा माणूस बोलेपर्यंत तीस वर्षं बसायची तशी ती कान पुढे करून बसून राहिली. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "मी खोटं लिहायचो, अक्का." इतकं हळू, की त्याचं त्यालाही नीट ऐकू गेलं नसेल.

"ऐकू आलं," अक्का म्हणाली. "पुढे बोल."