भडक्याने हात उचलला नाही

सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देणाऱ्या त्या कारागिराला सगळे भडका म्हणत. हे नाव आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, त्याने स्वतः कमावलं होतं. गिऱ्हाईक कापडाच्या रंगावरून चार शब्द जास्त बोललं, की हा हातोडी भिंतीवर भिरकावी. बायकोवर त्याने कधी हात उचलला नाही, पण घरातल्या काचेच्या वस्तू एकेक करून संपल्या, आणि एके दिवशी बायको लेकीला घेऊन भावाकडे राहायला गेली. तिचं चुकलं असं भडकाही म्हणत नसे.

त्याचं वैर होतं ते मेहुण्याशी.

मेहुणा कडक इस्त्रीच्या शर्टातला, हळू आवाजात बोलणारा माणूस. आपला पारा कधी चढत नाही, याचं त्याला स्वतःलाच भारी कौतुक. कोर्टाने भडक्याला दर रविवारी लेकीला भेटायची परवानगी दिली, तीही समुपदेशक बाईंच्या ऑफिसात, त्यांच्या देखत. लेकीला घेऊन यायचा मेहुणा. पहिल्याच भेटीत बाई फोन घ्यायला दाराबाहेर गेल्या, तेवढ्यात तो भडक्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "शाळेत वडिलांचं चित्र काढायला सांगितलं होतं. तिने माझं काढलं. फ्रेम करून लावलंय मी."

बाई आत आल्या तेव्हा टेबल उलटं पडलं होतं, लेक कपाटाला चिकटून उभी होती, आणि मेहुणा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होता, "बघितलंत ना मॅडम?"

भेटी बंद झाल्या.

"दात पाडतो त्याचे," भडका घरी येऊन म्हणाला.

घरी म्हणजे वर्कशॉपमागच्या दोन खोल्यांत. तिथे त्याच्यासोबत त्याची आत्या राहायची. तिच्या तोंडी लागायला गल्लीतले भांडखोरही कचरत.

"पाड की," आत्या म्हणाली. "तो नवे बसवून घेईल आणि तू लेकीला कायमचा मुकशील. अरे, त्याला तू पेटायला हवा आहेस, म्हणून तो काडी लावतो. नाहीच पेटलास तर तो काय करेल, ते बघावंसं नाही वाटत तुला?"

 शांत, शहाणा माणूस व्हायची भडक्याला अजिबात हौस नव्हती. त्याला सूड हवा होता. पण मेहुण्याचा तो इस्त्री केलेला चेहरा चुरगळलेला बघायला मिळणार असेल, तर तो काहीही शिकायला तयार होता.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. कामं आटोपली की आत्या समोर स्टुलावर बसायची आणि त्याला टाकून बोलायची. तो बाकदार सुईने सोफ्याच्या कडेची शिवण घालायचा. टाका वाकडा पडला, की अख्खी शिवण उसवायची, अशी अट होती.

"इतकी वर्षं तोंड आवरलं मी," आत्या हात चोळत म्हणाली. "आज देवच पावला."

"तू? तोंड आवरलंस?"

"बोलू नकोस, शिव. लहानपणी कान एवढाले होते तुझे, वारा सुटला की तुझी आई तुला धरून ठेवायची."

पहिल्या दिवशी सुई मोडली. नंतर एकदा त्याने गिऱ्हाइकाचं महागाचं कापडच टरकावलं आणि पदरचं नवं आणून दिलं. उसवून उसवून बोटांची सालटी निघाली. पण हळूहळू त्याला एक गोष्ट कळली. राग हातात येण्याआधी कानात येतो. कानाच्या पाळ्या तापतात, मग मान, मग हात. पाळ्या तापल्या, की तो सुई तशीच कापडात ठेवायचा, एक लांब श्वास सोडायचा आणि पुढचा टाका घालायचा. आत्याची शिव्यांची पोतडी रिकामी व्हायला लागली, तरी शिवण सरळच.

मग एका संध्याकाळी तो म्हणाला, "आत्या, आता लेकीवरून बोल."

"नाही रे."

"तो तेच बोलणार आहे. तू बोल."

आत्याने स्टूल जवळ ओढलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "ती तुला घाबरते. दार वाजलं की आई तिला आत पाठवायची. तुझ्याशिवाय ती सुखात आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. भडक्याचे हात थांबले. त्याने श्वास सोडला, टाका घातला, आणखी एक घातला. आत्याच रडायला लागली. त्याने कड पूर्ण केली, दोरा तोडला, मग तिला पाणी आणून दिलं.

कोर्टात पुन्हा सुनावणी झाली आणि भेटी परत सुरू झाल्या. पहिल्याच रविवारी बाई टेबलाशी काहीतरी लिहीत बसल्या होत्या, लेक खाली बसून चित्रात रंग भरत होती. मेहुणा भडक्याशेजारच्या खुर्चीत येऊन टेकला.

"आम्ही मोठ्या घरात जातोय," तो पुटपुटला. "तिला स्वतंत्र खोली. तुमच्या त्या गोडाऊनमध्ये काय होतं तिला?"

"खरंय दादा," भडका म्हणाला. "तुम्ही आहात म्हणून निभावलं."

मेहुण्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "रात्री दचकून उठते ती. तुमचं नाव घेऊन."

भडक्याच्या पाळ्या तापल्या. त्याने श्वास सोडला. "तुम्ही जवळ घेत असाल तिला. उपकार आहेत तुमचे."

"नाटकं करताय?"

"नाही हो. तुमच्याकडूनच शिकलो." आणि मग भडक्याला ते दिसलं. मेहुण्याचे कान लालबुंद झाले होते. इतक्या महिन्यांत असा आनंद त्याला झाला नव्हता. तो आणखी वाकला आणि अगदी मायेने म्हणाला, "दादा, पाणी पिता का? तुमच्यासारख्या शांत माणसाला घाम फुटलेला बरा नाही दिसत."

काडकन आवाज झाला. बाईंचं पेन हातातून पडलं. मेहुणा उभा होता, हात अजून हवेत, शर्ट पँटबाहेर आलेला, आणि तोंडातून जे बाहेर पडत होतं ते ऐकून दारातला शिपाईसुद्धा आत डोकावला. भडक्याने हात उचलला नाही. गाल भाजत होता. त्याने हात मांडीवर ठेवले आणि मेहुण्याचा चेहरा शांतपणे, पोटभर बघून घेतला.

बाईंच्या अहवालानंतर मेहुण्याला भेटीला यायला बंदी झाली. लेकीला बायको आणून सोडू लागली, पुढे लेक दर रविवारी वर्कशॉपवरही यायला लागली. आत्याने गल्लीभर ही कहाणी इतक्या वेळा सांगितली, की शेवटी शेवटी एका थपडेच्या तीन झाल्या.

लेक मात्र बोलेना. यायची, कापडाच्या ढिगावर बसायची, जायची. एकदा अचानक म्हणाली, "बाबा, तू मुद्दाम केलंस ना? मामाने मारावं म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो," भडका म्हणाला.

"मामा मला पोहायला शिकवत होता. आता तो माझ्याशीही बोलत नाही."

भडक्याला त्या थपडेचं एका क्षणासाठीही वाईट वाटलं नव्हतं, त्या घडीलाही वाटलं नाही. त्याने सुई कापडात टोचून ठेवली आणि तो लेकीकडे वळला.

"मला पोहता येत नाही," तो म्हणाला. "पण तलावावर नेईन. काठावर बसेन."

"तू ओरडशील तिथे."

"नाही ओरडणार."

 तिचा विश्वास बसला नव्हता, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग तिने ढिगातून एक निळा तुकडा ओढला आणि टॉवेलाएवढा आहे का, ते अंगाला लावून बघू लागली.