अक्काच्या खोलीखालचे आठ दिवे

घराची डागडुजी काढली की माणूस रंगात, फरशीत आणि दिव्यांत असा काही रमतो, की या घरात माणसं राहायची आहेत हेच विसरून जातो. चित्रकलेच्या मास्तरांचंही तसंच झालं.

त्यांना खालच्या दिवाणखान्याच्या छतात भोकं पाडून आठ डाऊनलाइट बसवायचे होते. पितळी कडांचे, चपटे, नाजूक दिवे त्यांनी हौसेने आणलेही. पण वायरमनने खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि बाजूला सारलं.

"मास्तर, हे इथे चालायचे नाहीत. वरच्या मजल्याची जमीन लाकडी. खाली आग लागली तर हे छतच तिला थोडा वेळ थोपवणार. त्यात आठ भोकं म्हणजे आगीला आठ वाटा. आगरोधक दिवे घ्या. त्यांच्यातला पट्टा तापला की फुगतो आणि भोक बुजवतो. किती मिनिटं टिकतो आणि कुठल्या छतात तपासलाय, ते माहितीपत्रकात असतं. ते आपल्या छताशी जुळलं पाहिजे."

"कधी मिळतील?"

"आठवडा लागेल. आणि कडा पांढऱ्याच."

मास्तरांचं तोंड उतरलं. रविवारी शाळेतली मंडळी घर बघायला येणार होती.

वरची खोली अक्कासाठी होती. अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात तिने अठ्ठावीस वर्षं फोन घेतले होते. गुडघे दुखायला लागल्यापासून, पळता येणार नाही या धास्तीने, ती दारालगतच्या अंधाऱ्या खोलीत झोपायची. वरच्या खोलीत मात्र दिवसभर ऊन असे आणि खिडकीतून सगळा रस्ता दिसे.

"दिवे आगरोधक असतील तर जाते मी वर," ती म्हणाली होती. "छताने अर्धा तास दिला तरी पुरे. सावकाश उतरेन."

मास्तरांनी फारसे प्रश्न न विचारणारा दुसरा वायरमन गाठला. अर्ध्या दिवसात पितळी दिवे छतात बसले.

"तेच आहेत ना रे?" अक्काने विचारलं.

"हो गं, तेच," मास्तर बोलून गेले.

रविवारी पाहुण्यांनी दिव्यांचं तोंडभरून कौतुक केलं. अक्काची खाट वर गेली. सोमवारी सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "कितीतरी वर्षांनी गाढ झोपले बघ. एरवी एक कान जागाच असायचा."

मास्तरांना तो चहा काही गेला नाही. शाळेत त्यांनी फळ्यावर घर काढायला घेतलं. भिंती झाल्या, जिना झाला, आणि खडू तिथेच थांबला. मुलांना काहीतरी रंगवायला सांगून त्यांनी कसाबसा तास संपवला, अर्धी रजा टाकली आणि तडक घर गाठलं.

"अक्का, खाली चल. मी खोटं बोललो. दिवे साधे आहेत."

अक्का काठी टेकत उठली. भावाच्या खांद्यावर हात ठेवून ती एकेक पायरी उतरू लागली. चौथ्या पायरीवर थांबली, सातव्या पायरीवर पुन्हा थांबली. जिना किती लांब असतो, ते मास्तरांना त्या दिवशी कळलं.

खाली खुर्चीत टेकल्यावर ती म्हणाली, "राग आलाय मला, तो लगेच जाणार नाही. पण एक सांगते. अठ्ठावीस वर्षं फोन उचलले. 'आधी केलं असतं तर' असं किती जण रडत सांगायचे. आग लागायच्या आधी येऊन सांगणारा तू पहिलाच."

मास्तरांनी लगेच पहिल्या वायरमनला फोन लावला. त्यांना वाटलं, आता चार शब्द ऐकावे लागणार. तो एवढंच म्हणाला, "छताचे फोटो पाठवा. भोकांचं मापही घ्या."

आठवड्याने तो नवे दिवे घेऊन आला. आधी प्रत्येक भोक मोजलं. "मोठं पडलं असतं तर छताचा तेवढा तुकडाच बदलावा लागला असता. सुटलात, मास्तर."

मास्तरांनी इतक्या दिवसांनी मोकळा श्वास घेतला. संध्याकाळच्या आत आठही दिवे लागले. कडा पांढऱ्याच होत्या, पण त्याचं मास्तरांना काही वाटलं नाही. अक्काने माहितीपत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, मिनिटांच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "घ्या माझी खाट वर."

मंडळी, दिवा घेताना आपण त्याचा उजेड बघतो, कडा बघतो. छताच्या आत त्याची जी बाजू जाते, ती पाहुण्यांना कधीच दिसत नाही. पण वर झोपलेलं आपलं माणूस तिच्याच भरवशावर झोपलेलं असतं. तो भरवसा खरा आहे ना, एवढं बघणं आपलं काम आहे. आणि चूक झालीच असेल, तर ती आजच कबूल करावी. आज ती दुरुस्त होते.