खोलीत न मावलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे आणि मी हेवेखोर आहे. टेबलाला कसला आला हेवा, असे तुम्ही म्हणाल. पण ज्याच्याभोवती वर्षानुवर्षे माणसे गोळा होत आली, त्याच्याकडे पाठ फिरवून तीच माणसे दुसऱ्याभोवती जाऊन उभी राहिली, की लाकडालासुद्धा चटका बसतो.

माझा जन्म व्हीलचेअर बनवणाऱ्या एका कंपनीत झाला. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी चाकांच्या खुर्च्या. कंपनी आप्पांनी काढलेली. पत्र्याची एक शेड आणि तिला लागून एक खोली, एवढाच तिचा पसारा होता. वेल्डर, गाद्या शिवणाऱ्या बायका, रंगारी, गिऱ्हाइकांकडे जाणारे, अशी सगळी माणसे आप्पांना एकाच टेबलाशी बसवायची होती. म्हणून त्यांनी सुतार बोलावले आणि मला त्या खोलीतच घडवून घेतले. मी इतका लांबरुंद झालो की मला दारातून बाहेर काढणे कुणाला जमले नसते. हा आता आपला घरजावई, असे आप्पा हसत म्हणाले होते.

सुरुवातीचे दिवस धांदलीचे होते. कुणाची तक्रार आली की हातातले काम टाकून सगळे खोलीत जमत. जेवणाचे डबे बाजूला सरकवून खुर्चीचे सुटे भाग माझ्यावर मांडत, तावातावाने भांडत, आणि उठण्याआधी काहीतरी ठरवून मोकळे होत. माझ्या अंगावर ग्रीसचे डाग पडत. मला ते मुळीच आवडत नसत.

मग कंपनीला बरे दिवस आले. शेडला शेड जोडली गेली. विक्री, आराखडा, खरेदी, कारखाना असे विभाग पडले आणि प्रत्येकाच्या दारावर पाटी लागली. माझ्यावर जाड काच बसली. कोण कुठे बसणार हे ठरून गेले. वेल्डर आणि शिवणाऱ्या बायका खोलीत येईनाशा झाल्या. येणारे पाहुणे माझ्या कडेवरून हात फिरवत आणि काय भारदस्त टेबल आहे म्हणत. दमट हवेत लाकूड फुगावे तसा मी त्या कौतुकाने फुगत गेलो.

बैठक आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरे. एखादी तक्रार आली, की विक्रीवाले ती आराखडावाल्यांकडे ढकलत. आराखडावाले म्हणत, खरेदीला विचारा. खरेदीचे साहेब चष्मा पुसत पुसत म्हणत की पुढच्या वेळी बघू. बाहेर त्यांचे नावच ‘पुढच्यावेळी साहेब’ पडले होते. मला मात्र ते फार आवडत. विषय जितका लांबणीवर पडेल, तितक्या वेळा माणसे माझ्याकडे परत येणार, असा माझा सरळ हिशेब होता.

आप्पा गेले. त्यांच्या जागेवर त्यांचा मुलगा बसू लागला. त्याला सगळे दादा म्हणत. त्याची धाकटी बहीण, ताई, दुरुस्तीचे काम बघे. हॉस्पिटलांत, लोकांच्या घरी जाऊन ती मोडलेल्या खुर्च्या नीट करे आणि येताना तक्रारी घेऊन येई. पुढची चाके लहान पडतात, ती लिफ्टच्या फटीत अडकतात, हे तिने माझ्यापाशी बसून किती वेळा सांगितले असेल. दादा ऐकून घेई. पण त्याच्या जबड्याची हालचाल मला जवळून दिसे. आप्पा शेवटपर्यंत ताईचे म्हणणे मान डोलावून ऐकत, आणि दादाचे ऐकताना घड्याळ बघत. ती सल त्याच्या मनात घर करून होती.

एके दिवशी ताई बैठकीला आलीच नाही. तिने कुठूनतरी एक पांढरा फळा आणला होता. वेल्डरने त्याला मोडीत काढलेल्या खुर्चीची चाके जोडून दिली. तो फळा माझ्या खोलीसमोरच्या पॅसेजमध्ये उभा राहिला.

मित्रांनो, माझ्या दुःखाला तिथून सुरुवात झाली. रोज सकाळी त्याच्यापुढे माणसे जमू लागली. वेल्डर होता, शिवणकामातली मावशी होती, विक्रीतला एकजण होता. बसायला खुर्च्या नाहीत, चहा नाही, तरी हसण्याचे आवाज येत. आज कुणाची तक्रार आली, ती कोण बघणार, त्या माणसाला उत्तर कधी द्यायचे, एवढेच ते लिहीत. उभ्याउभ्याच सभा संपे. मी उघड्या दारातून बघत राही. काय होते त्या फळ्यात? ना जाडी, ना वजन. त्याला कुणी घडवले नव्हते, नुसते जोडले होते. आणि त्याच्यावर काही चुकीचे लिहिले गेले तर फडक्याने पुसून टाकत. माझ्यावरचा एकही ओरखडा कधी असा पुसला गेला नव्हता. तो चाकांवरून आज शेडमध्ये जाई, उद्या विक्रीवाल्यांकडे. मी जन्मल्यापासून एक खोलीसुद्धा ओलांडली नव्हती.

दादालाही ते बघवत नव्हते. एका सकाळी हसण्याचा आवाज आला तसा तो उठला आणि त्याने खोलीचे दार लावून घेतले. मला केवढा आनंद झाला. जळणारा मी एकटा नव्हतो.

पण दार लावून बाहेरचे थांबत नाही. ज्या मोठ्या हॉस्पिटलात आप्पांच्या काळापासून आमच्याच खुर्च्या जात, त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या घ्यायला सुरुवात केली. ती नवी कंपनी गिऱ्हाइकाने सांगितलेला बदल लगेच करून देते, असे विक्रीवाल्यांनी खाली मान घालून सांगितले. दादाने बैठक बोलावली. वेल्डिंगची एक शेड बंद करावी लागेल, असे तो म्हणाला. त्या शेडमधली माणसे कुठे जातील, हे कुणी विचारले नाही. सगळे माझ्या काचेत आपापली तोंडे बघत बसले.

तेव्हा ताईने एकच मागणे मागितले. शेडला कुलूप लावण्याआधी एका गिऱ्हाइकाचे ऐकून घ्या. दादाने कशीबशी मान हलवली.

त्या बाई वकील होत्या. लहानपणापासून आमच्याच कंपनीची खुर्ची वापरत आलेल्या. व्हीलचेअर वापरणाऱ्या लोकांच्या एका संस्थेचे कामही त्या बघत, आणि संस्थेतल्या सगळ्यांसाठी नव्या खुर्च्या कुठून घ्यायच्या हे त्यांनाच ठरवायचे होते. वकीलबाई आल्या तेव्हा सगळे अदबीने उठून उभे राहिले. त्या दारातून आत आल्या. आणि अडकल्या. माझी कड आणि भिंत यांच्यामध्ये त्यांची खुर्ची शिरेना. दादाने मला ढकलून बघितले. आराखडावाले मदतीला धावले. पुढच्यावेळी साहेबांनी तर बाह्या सरसावल्या. मी तसूभर हललो नाही, कारण मला हलायचे माहीतच नव्हते.

बाई थोडा वेळ ही खटपट बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही व्हीलचेअर बनवता ना? मग ही खोली कुणासाठी बांधलीय?”

त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि पॅसेजमध्ये वळवली. त्यांच्यामागून एकेक करून सगळे बाहेर गेले, दादासुद्धा. कुठे गेले असतील? त्या फळ्यापाशी. माझ्याभोवती रिकाम्या खुर्च्यांचे कडे तेवढे उरले. इतका हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि नंतरही नाही. तो मेला चाकांवरचा पत्रा सगळ्या जगाला आपल्याकडे ओढून घेत होता.

पण दार उघडे होते, आणि मला ऐकावेच लागले. कोर्टात जाताना लिफ्टच्या फटीत चाक अडकते, असे बाई सांगत होत्या. मग जवळ जो कोणी असेल त्याला हाक मारून धक्का मारायला सांगावे लागते. “समोरच्या वकिलासमोर वाद घालायला जाते मी,” त्या म्हणाल्या, “आणि आधी त्यालाच धक्का मारायला सांगावं लागतं. हे मी तुम्हाला कधीपासून कळवतेय. तुमची खुर्ची मजबूत आहे. तुमचं उत्तर मात्र येत नाही.”

वेल्डर म्हणाला की मोठे चाक बसवून बघता येईल, पण चाक खरेदीवाल्यांनी आणून द्यायला हवे. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी चष्मा काढला, “पुढच्या...” म्हणाले, आणि तिथेच थांबले. मग खिशातून फोन काढून चाक पुरवणाऱ्याशी बोलायला ते जरा बाजूला गेले.

बाई गेल्यावर दादा खोलीत येऊन माझ्याशी एकटाच बसला. मला वाटले, आता हा फळ्याला हाकलून देईल. ताई आत आली, तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता सांगितले, “आप्पा तुझं ऐकायचे ना, म्हणून मी ऐकत नव्हतो.”

ताई म्हणाली, “दादा, मला तुझी खुर्ची नकोय रे. मला फक्त उत्तर लवकर हवंय. लोक वाट बघत असतात.”

त्या दिवसानंतर कंपनी बदलू लागली. एका झटक्यात सगळे गोड झाले, असे मात्र समजू नका. पहिले मोठे चाक बसवले ते डुगडुगले आणि बाईंनी खुर्ची परत पाठवली. दुसऱ्या चाकाने वळताना पाय अडे. पण आता या चुका महिनाभर कुठल्या बैठकीची वाट बघत पडून राहत नव्हत्या. वेल्डर, शिवणारी मावशी, विक्रीतला माणूस आणि खरेदीतला माणूस असे मिळून छोटे गट केले गेले. लहानसहान गोष्टींना वर विचारायची गरज उरली नाही. गिऱ्हाइकाचे ऐकायचे, करून बघायचे, चुकले तर सुधारायचे. आराखडा विभागाच्या जुन्या प्रमुखांना हे मानवले नाही. आपल्याला विचारल्याशिवाय चाक बदलते म्हणून ते रुसून नोकरी सोडून गेले. त्यांना निरोप देताना दादाचे डोळे भरून आले होते. मला त्यांच्या मनातले कळत होते. मीही जाऊ शकलो असतो तर गेलो असतो.

आणि मग माझी पाळी आली. खोली मोकळी करायची ठरली. मी दारातून बाहेर निघणे शक्य नव्हते, म्हणून मला कापायचे ठरले. तो निर्णय दादाचा होता. करवत लागण्याआधी त्याने तळवा माझ्यावर टेकवला आणि आप्पांची माफी मागितली. करवतीचे दुःख मी सांगत बसणार नाही. माझे चार तुकडे झाले. खुर्चीत बसलेल्या माणसाचे गुडघे खाली आरामात जातील अशा उंचीचे पाय प्रत्येकाला लागले, आणि पायांना चाके. होय मित्रांनो, चाके.

ते हॉस्पिटल परत आले नाही. पण वकीलबाईंच्या संस्थेने आपल्या सगळ्या माणसांसाठी आमच्याच खुर्च्या घेतल्या, आणि वेल्डिंगच्या शेडला कुलूप लागले नाही. मी त्याच शेडमध्ये असतो, जिथे नव्या खुर्चीसाठी माणसांची मापे घेतात तिथे. माझे बाकीचे भाऊ कुठे कुठे फिरत असतात. फळाही इथेच असतो, आणि त्याच्याभोवती गर्दी झाली की अजून माझ्या पोटात दुखते. खोटे कशाला बोलू?

तुमच्या घरात, शाळेत, पुढे तुम्ही कामाला जाल तिथेही, माझ्यासारखे काहीतरी जुने असेल. एखादी वस्तू असेल, नाहीतर एखादी पद्धत असेल. तिला काचेखाली ठेवून नमस्कार करू नका, आणि नवे आले म्हणून भंगारातही टाकू नका. आज समोर जो माणूस आला आहे, त्याच्या कामाला ती कशी येईल, एवढे बघा. त्यासाठी तिला हलवावे लागले तर हलवा, कापावे लागले तर कापा. ती कुरकुरेल. तिचे ऐकू नका, पण तिच्यावर हात मात्र मायेने ठेवा.

काल एक लहान मुलगी तिच्या पहिल्या खुर्चीचे माप द्यायला आली होती. मापासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसवताच ती एकटीने चाके फिरवत थेट माझ्याखाली शिरली, तिने दोन्ही कोपरे माझ्यावर टेकली आणि गाल हातात धरून ताईशी गप्पा मारत बसली. निघायला तयारच होईना. फळा थोड्या अंतरावर उभा होता. त्याच्यावर कुणाला कोपर टेकता येत नाही. तो आमच्याकडे बघत होता, असे मला वाटले. मी त्याला काही बोललो नाही. ते दुखणे कसे असते, मला ठाऊक आहे.