गाडीची फळी, घराचं बाक

मी बाक बोलतोय. जन्मानं मात्र मी फळी, एसा आणि थर्झा टटल यांच्या बैलगाडीची मागची फळी.

ते अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावर आले तेव्हा तिथं नजर पोचेल तिथवर झाड नव्हतं. गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांचं घर त्यांनी रचलं, आणि मला चार पाय लावले. थर्झा माझ्यावर मक्याचं पीठ मळायची, कपडे धोपटायची. छपरातून माती पिठात पडली की म्हणायची, "घ्या, देवानं मीठ घातलं."

महिन्या-दोन महिन्यांनी घोड्यावरून पाद्री यायचे. मग शेजारपाजारचे आमच्या घरी जमत आणि मला पुसून पुढं ठेवत. ज्याच्या मनाला पाप डाचत असेल त्यानं सगळ्यांदेखत माझ्यापाशी गुडघे टेकायचे, माझ्यावर कोपरं ठेवून क्षमा मागायची, अशी त्यांची रीत. माझ्यात किती आसवं मुरली आहेत, ते मलाच ठाऊक.

एका शरदात माळ पेटला. शेजारच्या एनॉक पर्डीनं आपलं घर वाचवायला, वणव्याला पुढं गवतच उरू नये म्हणून, समोरून उलटा जाळ लावला. सगळेच तसं करत. पण तो जाळ मागं फिरू नये म्हणून आधी नांगरानं मोकळा पट्टा ओढायचा असतो, तो घाईत राहिला. जाळ वळला आणि टटलांच्या गवताच्या गंज्या राख झाल्या. गुरांचा हिवाळ्याचा चारा गेला. एनॉक तोंड चुकवू लागला.

एसा म्हणाला, "त्याच्या दारात चारा मागण्यापेक्षा परत गेलेलं बरं. सोमवारी बाकाचे पाय काढतो. गाडीला फळी लागेल."

थर्झा माझ्यावर हात ठेवून बसून राहिली. तिचं पहिलं बाळ त्याच माळावर पुरलेलं होतं.

रविवारी पाद्री आले. एनॉक उठला, त्यानं माझ्यापाशी गुडघे टेकले. "प्रभू, मी पापी आहे. माझ्या हातून शेजाऱ्याचं नुकसान झालं. मला क्षमा कर." बराच वेळ हेच चाललं.

मागून थर्झा शांतपणे म्हणाली, "एनॉकभाऊ, देवाशी बोलून झालं असेल तर इकडंही वळा. गवत देवाचं नव्हतं जळलं. ज्याचं जळलं तो मागंच बसलाय."

कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं.

एनॉक गुडघ्यांवरच वळला. "एसा, पट्टा ओढायचा राहिला, चूक माझीच. लाजेनं तुझ्या दारात आलो नाही. माझ्याकडं दोन गंज्या उरल्यात. एक तुझी."

एसा टोपीची कड चाचपत राहिला. मग उठून त्यानंही एनॉकच्या शेजारी गुडघे टेकले.

"सरक थोडा," तो म्हणाला. "रोज तुला शिव्याशाप देतोय मी. मलाही जागा लागेल."

दुपारी दोघं माझ्यावर बसून भाकरी आणि काकवी खात होते. सोमवारी माझे पाय कुणी काढले नाहीत.

आता ती मातीची घरं राहिली नाहीत. मी थर्झाच्या नातीच्या पडवीत कुंड्या सांभाळतो. माझा एक पाय डुगडुगतो, पण कोपरांनी गुळगुळीत झालेल्या जागा अजून दिसतात. मला सरपणात घालू नका, एवढीच विनवणी. कुणाशी अबोला धरला असेल तर त्याला इथं घेऊन या. कुंड्या खाली ठेवा. जरा सरकून बसलं की दोघं मावतात.