पाठाच्या दिवशी घरी

अंतिम पाठात मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. ते दोन गुण कुठं गेले म्हणून तेव्हा मी हळहळले होते. आज सांगायला लाज वाटते, पण हळहळले होते खरी.

अध्यापक विद्यालयात दोन वर्षं काढली की शेवटी खऱ्या वर्गावर पाठ घ्यायचा आणि परीक्षक मागं बसून गुण देणार. तो पाठ सगळे आधीच त्याच मुलांवर दोनदा घेऊन ठेवतात. उत्तरं पाठ, हसायचं कुठं तेही पाठ. परीक्षकांना हे ठाऊक असतं, त्यांनीही एके काळी तेच केलेलं असतं. सगळे एका माळेचे मणी.

माझा पाठ तिसरीवर होता, अपूर्णांकांचा. कागदाच्या गोल चकत्या कापून बोटांना घट्टे पडले. अडचण एकच, पहिल्या बाकावरची आगगाडी. हे नाव मुलांनी ठेवलेलं. प्रश्न संपायच्या आत हिचा हात वर आणि उत्तर हमखास चुकीचं, तेही खणखणीत आवाजात. दोन चतुर्थांश म्हणजे किती? "आठ!" वर्ग खो खो हसायचा, तीही हसायची. आणि शेवटी परीक्षक प्रश्न विचारतात तेव्हा नेमकं पहिल्यांदा हात वर करणाऱ्यालाच उठवतात.

वर्गशिक्षिका निवृत्तीला टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, एवढं काय तोंड पाडतेस? ठेव तिला घरी. आम्ही शाळेच्या तपासणीला असंच करतो. पोरं काय, दुसऱ्या दिवशी विसरतात."

मधल्या सुट्टीत मी आगगाडीला बोलावलं. "उद्या पाहुणे येणारेत. तू घरी थांब. झालं की मी बोलवीन."

तिनं जरा विचार केला. "बाई, मी हात वर नाही करणार. हाताची घडी घालून बसते. चालेल?"

"नको," मी म्हणाले.

पाठ झक्क झाला. त्याच संध्याकाळी चकत्या, तक्ते, टाचणवही गोळा करून मी विद्यालयात परतले. तिला बोलवायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, डोक्यातही आलं नाही.

सुट्टी संपता संपता नेमणुकीचं पत्र आलं. तीच शाळा, तीच मुलं, आता चौथीत. मला आभाळ ठेंगणं झालं. सोमवारी शाळा उघडणार म्हणून शनिवारीच जाऊन मी वर्ग झाडला, फळ्याला रंग दिला आणि बाकांवर चिकटवायच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहायला हजेरीपट उघडला. एक नाव लाल रेघेनं खोडलेलं होतं.

"ती होय," कपाटातून मान बाहेर न काढता मुख्याध्यापक म्हणाले. "तुमच्या पाठापासून आलीच नाही. नाव कमी केलं."

"कोणी चौकशी नाही केली?"

"मला वाटलं बाईंनी केली असेल. बाईंना वाटलं तुम्ही."

तिची आई एका खोलीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. मी दारात गेले तेव्हा आगगाडी खाली बसून शर्टाच्या घड्या घालत होती. मला पाहताच तिनं शर्ट ठेवला आणि पडद्यामागं गेली.

"रागावू नका," आई म्हणाली. "नीटनेटक्या कपड्यातलं कोणी आलं की आपणहून आत जाते. मी नाही सांगत हं."

"तिला शाळेत का नाही पाठवलंत?"

"तुम्ही बोलवीन म्हणाला होतात ना?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "पंधरा दिवस दप्तर घेऊन दारात बसायची. चल सोडते म्हटलं की रडायची. बाईंचे पाहुणे असतील अजून, म्हणायची. मग मीच नाद सोडला."

मी माफी मागितली. सोमवारपासून मीच वर्गावर आहे, नाव परत घालते, पाठवा तिला, असं काहीबाही बोलत राहिले. पडद्याकडं बघून दोनदा हाक मारली.

आईनं इस्त्री उभी करून ठेवली. "पाठवीन की. मला काय नको आहे?" मग माझी अडचण समजून घेतल्यासारखा आवाज खाली आणून ती म्हणाली, "फक्त तपासणी असेल तेव्हा आदल्या दिवशी सांगत जा. ठेवून घेईन मी. तुमचीही नोकरी नवीन आहे."