टोकाचा दगड

शिंगणतळ्याला आता खेडं म्हटलं तर पोरं हसतात. बेळगाव वाढत वाढत तळ्याच्या काठाशी आलं, तशी काठावरची वेस, दीपमाळ आणि दगडी घाट ही सगळी मंडळी ऐतिहासिक झाली. इतकी वर्षं ती नुसतीच जुनी होती. मग कठडा आला, रंगीत दिवे आले आणि घाटाला कुलूप लागलं.

अडलं ते मालुबाईचं. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण तळ्यावर धुतल्याशिवाय तिच्याकडं नवरात्राचे घट बसत नाहीत. धुण्याचा दगड सासूनं दिलेला, घाटाच्या टोकाचा. बायकांनी आरडाओरडा केल्यावर पट्टण पंचायतीनं एवढंच ऐकलं: जिची वहिवाट असेल तिला दसऱ्यापुरतं आत सोडू, पण वहिवाट शेजारच्या दगडावरच्या बाईनं सांगायची.

टोकाच्या दगडाला शेजार एकच, यल्लव्वाचा. आणि यल्लव्वाशी वैर सासवांपासूनचं. हिचा फेस तिकडं गेला, तिचा शिंतोडा इकडं उडाला, एवढ्यावर दोघींनी एकमेकींची सात कुळं धुऊन काढलेली.

मालुबाई गोधड्यांचं गाठोडं घेऊन फाटकाशी आली, तर यल्लव्वा आधीच आपल्या गाठोड्यावर बसलेली.

"आली महाराणी," यल्लव्वा म्हणाली. "तळं वाळायची वाट बघत हुतीस व्हय गं?"

मालुबाईनं तोंड फिरवलं. ही माझ्याबद्दल काय सांगणार ते ठाऊकच आहे, मग मी तरी का सोडू?

पंचायतीचा तरुण साहेब किल्ली घेऊन आला. "आक्का, या यल्लव्वा इथं धुतात, खरं काय?"

क्षणभर मालुबाईची जीभ अडखळली. तिच्या बाळंतपणानंतरच्या वर्षी यल्लव्वानंच न बोलता तिच्या ओल्या गोधड्या पाण्यातून वर काढून दिल्या होत्या. पण मान तिनं ताठच ठेवली.

"न्हाय बा. हिला मी कवाच हितं बघितली न्हाय."

साहेबानं कपाळ चोळलं.

"मग पंचाईत झाली, आक्का. सकाळी यांनीच तुमच्याबद्दल सांगितलं, मालुबाई जन्मभर इथंच पाणी गढूळ करते म्हणून. पण त्या इथं येतच नसतील, तर त्यांनी तुम्हाला बघितलं कुठून?"

मालुबाईच्या डोक्यावरचं गाठोडं एकाएकी जड झालं.

"साहेब, चुकलं माझं. येती ती. लई वर्सं येती."

"आत्ता न्हाय म्हणालात. नेमकं कुठलं खरं धरू?"

"आताचं धरा की! यल्ले, सांग की गं तू!"

तिच्याकडं न बघता यल्लव्वानं गाठोडं उचललं.

"साहेब, माझंबी चुकलं," ती म्हणाली. "ही बाई कोण ते मला ठाऊक न्हाय."

आणि ती चालू लागली. साहेबानं किल्ली खिशात टाकली. आत टोकाचा दगड उन्हात कोरडा पडला होता.