भरल्या चुड्याचा आवाज

हौशीरामच्या मते सगळा दोष लॅपटॉपचा होता. आणि एकदा त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती काढायला प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाईल, हे टाकवे बुद्रुकमध्ये पोराटोरांनाही ठाऊक आहे.

लॅपटॉप त्याच्या लेकीचा, समीक्षाचा. तळेगावच्या कंपनीत तिला नवा मिळाला तेव्हा जुना तिनं बापाकडे ठेवला, त्यात एकच गाणं घालून. गाणं झुंबरबाईचं. झुंबरबाई म्हणजे हौशीरामची बायको. तिच्या शेवटच्या आवणीला, भाताची लावणी चालू असताना, समीक्षानं बांधावर उभं राहून मोबाइलवर ते टिपलं होतं. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर झुंबरबाई गेली.

हौशीराम रोज संध्याकाळी हेडफोन लावून ते ऐकायचा. झुंबरबाई पुढं म्हणते, बाकीच्या बाया मागून उचलतात. चिखलाची पचपच ऐकू येते. हिरामावशी मध्येच खोकते. शेवटी गाणं अर्ध्यातच थांबतं, कारण झुंबरबाईच्या हातातलं रोप संपतं आणि ती बांधाकडे बघून ओरडते, "अवं, रोप आणा की! किती येळ?" ही हाक हौशीरामला असते. तो त्या वेळी रोपाच्या जुड्या घेऊन यायचं सोडून कुणाशी तरी गप्पा मारत उभा होता.

सगळं येत होतं. येत नव्हत्या फक्त बांगड्या.

बाकीच्या बाया आवणीत बांगड्या कोपरापर्यंत वर सारून ठेवतात. झुंबरबाईला ते पटायचं नाही. हिरवा चुडा मनगटावर मोकळा, आणि चिखलात रोप खोचलं की एकदा खळ्ळकन वाजणार. मागच्या बायांचे हात त्याच ठेक्यावर चालायचे. धुकं असं उतरायचं की या बांधावरून तो बांध दिसू नये. तेव्हा डोक्यावर जुड्या घेतलेला हौशीराम त्या आवाजाच्या रोखानंच खाचरात उतरायचा. "गाईच्या गळ्यातली घाट अन् तुजा चुडा, येकाच कामाचं," असं तो एकदा म्हणाला आणि चिखलाचा गोळा बरोब्बर त्याच्या छातीवर बसला. बाया गाणं सोडून हसल्या होत्या.

ती गेली तेव्हा बायांनी तिची ओटी भरली, मळवट भरला, नवा हिरवा चुडा भरला. "भाग्याची गं, भरल्या चुड्यानं गेली," म्हणाल्या. भाग्य कसलं डोंबलाचं! लुगडी राहिली, मिसरीची डबी राहिली, फडताळात तिचा आरसा राहिला, पण घरात बांगडी एक राहिली नाही. तो आवाज आता जगात कुठं असलाच तर त्या गाण्यात होता, आणि हा मेला लॅपटॉप तो गिळून बसला होता.

गावात मांडवाला स्पीकर बांधणारा सत्यम आहे. त्याच्याकडे हौशीरामनं तक्रार नेली.

"आबा, लॅपटॉपातलं साउंड कार्ड लय हलकं असतंय," सत्यम म्हणाला. "बारीक आवाज खातंय त्ये. बाहेरनं लावायचं चांगलं मिळतंय. लोणावळ्यात बगा."

झालं. शनिवारी समीक्षा आली तशी तिच्याच स्कूटीवर मागं बसून, लॅपटॉप पोटाशी धरून हौशीराम लोणावळ्याला निघाला.

महिपतीशेठचं दुकान बाजारात, चिक्कीच्या दुकानांच्या ओळीला. शेठला स्वतःला गाण्याचं वेड, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलायला त्याला कंटाळा नाही. त्यानं काचेवर तीन कार्डं मांडली. एक पेनड्राइव्हएवढं. एक जड, काळं, वर आवाजाचं गोल बटण असलेलं. तिसऱ्यात लाल-निळे दिवे लुकलुकत होते.

"ह्ये तर वरातीचं दिसतंय," हौशीराम म्हणाला.

"गेम खेळणारी मुलं नेतात, काका. पण एक आधीच सांगतो. कार्ड नवीन आवाज तयार करत नाही. गाण्यात जे आहे तेच न बिघडवता कानापर्यंत आणतं. गाण्यात नसेल तर लाखाचं घेतलंत तरी येणार नाही."

"गाण्यात हाय. मी सोता तितं व्हतो."

शेठनं लहान कार्ड जोडलं आणि आपले भारीतले हेडफोन हौशीरामच्या कानांवर चढवले. मागची खरखर गेली होती. ओळ उचलण्याआधी झुंबरबाईनं घेतलेला श्वास पहिल्यांदाच त्याला स्वच्छ ऐकू आला. ती अगदी शेजारी वाकून उभी होती. पण चुडा मुका.

"न्हाई. दुसरं लावा."

दुसऱ्यात तिचा आवाज आणखी भरीव झाला. चुडा मुकाच. दिव्यांच्या कार्डानं तर चिखलच जोरात वाजायला लागला. आता शेठलाही चेव आला. तो आत गेला आणि घरी स्वतः वापरायला आणलेलं कार्ड घेऊन आला. हौशीरामनं डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं, हाक येईपर्यंत. मग हेडफोन काढून काचेवर ठेवले.

"ह्ये बी खातंय."

शेठला ते लागलं. "ताई, तुम्ही ऐका जरा," तो म्हणाला.

समीक्षा दाराशी रस्त्याकडे तोंड करून उभी होती. आई गेल्यापासून तिनं ते गाणं एकदाही ऐकलं नव्हतं. तिला धीरच होत नव्हता. आता दोघंही तिच्याकडे बघत होते, म्हणून ती आली आणि हेडफोन लावले.

थोड्या वेळानं तिचं बोट काचेवर वाजायला लागलं. टक. मग जरा थांबून, टक. हौशीराम त्या बोटाकडे बघत राहिला. हा ठेका गाण्याचा नव्हता, रोप खोचण्याचा होता. समीक्षाचे डोळे भरून आले.

"येत्यात?" त्यानं विचारलं. "समे, खोटं नगं बोलू."

"येतात, आबा. खणखणीत येतात."

मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं ते कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि हेडफोन थेट लॅपटॉपला लावले. पुन्हा गाणं सुरू केलं. बोट तसंच वाजत राहिलं.

लॅपटॉप निर्दोष सुटला.

"काका, कामाला कुठं होता तुम्ही?" शेठनं हळू विचारलं.

"खंडाळ्याच्या घाटात, रेल्वेत. दरडीला भोकं पाडायचं मशीन चालवत व्हतो."

"कानात कापूस वगैरे घालायचात?"

"कापूस कशाला? तवा कान चांगलं व्हतं की," हौशीराम म्हणाला, आणि आपलंच बोलणं आपल्याला ऐकू आल्यावर त्याचा हात कानाकडे गेला.

कुकरची शिट्टी त्याला हल्ली ऐकू येत नव्हती. कुकर बिघडला म्हणून त्यानं तो दुरुस्तीला टाकला होता. रिसॉर्टांच्या दिव्यांनी शिवारातले रातकिडे पळवले, असं तो पारावर तावातावानं सांगायचा, आणि माणसं एकमेकांकडे बघायची. म्हणजे रातकिडे होते. शिट्टी होती. झुंबरबाई रोज संध्याकाळी त्याच्या कानाशी चुडा वाजवत होती आणि बारीक आवाज तेवढे त्याचे कान आत घेत नव्हते. त्याला मशीनचा राग आला, दरडीचा आला. आणि तिची फार आठवण आली.

"चला आबा, घरी जाऊ," समीक्षा म्हणाली.

हौशीराम हलला नाही. "शेठ, येकाच टायमाला दोगांला ऐकता येईल असं कार्ड हाय का?"

"आहे की. दोन हेडफोन लागतात त्याला. पण काका, त्यानं तुम्हाला..."

"ठावं हाय मला. दावा."

शेठनं ते जोडलं. एक हेडफोन हौशीरामनं लावला, दुसरा लेकीच्या हातात दिला. मग सदऱ्याची बाही मागं सारून मनगट काचेवर ठेवलं.

"तिची बांगडी वाजली का हितं बोट ठिव. दर येळंला. चुकवू नगं."

गाणं सुरू झालं. झुंबरबाईनं श्वास घेतला, ओळ उचलली, आणि समीक्षाचं बोट बापाच्या मनगटावर टेकलं. पुन्हा टेकलं. पहिल्यांदा त्याला नुसतं बोटच कळत होतं. मग त्यानं डोळे मिटले. बोट टेकत राहिलं आणि धुक्यात ती कुठं आहे ते त्याला समजायला लागलं. ओढ्याच्या अंगाला, खालच्या खाचरात, कडेची. त्याच्या डोक्यावर जुड्या होत्या. त्याला वाटलं, असाच सरळ गेलो तर पोचेन.

बोट थांबलं.

त्यानं डोळे उघडले नाहीत. रोप संपलं होतं तिचं. आता ती कंबर सरळ करणार, कपाळावरचं पाणी पुसणार.

"अवं, रोप आणा की! किती येळ?"

"आलो, आलो," हौशीराम भर दुकानात मोठ्यानं म्हणाला.